कोइनोनिया : आशीर्वचनातली सहभागिता आणि वर्गणी

अभ्यासासाठी उतारे : लूक ५:१-११, प्रे. कृत्ये २:४२-४७, ६:१-६, रोम १५:२५-३१, १ करिंथ १०:१६-१७ व ११:१७-३४, २ करिंथ ८ व ९, फिलेमोनाला पत्र, १ योहान १.

उपासना संपताना पाळकसाहेब हात उंचावून आशीर्वचन देतात, तेव्हा तीन देणग्यांचा उच्चार होतो : ख्रिस्ताची कृपा, पित्याची प्रीती आणि आत्म्याची सहभागिता. पहिल्या दोहोंवर आपण पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. तिसऱ्या देणगीपर्यंत येईतो बहुतेकांचे हात गीतपुस्तक आवरण्यात गुंतलेले असतात. सहभागिता म्हणजे काय असे कोणी विचारलेच, तर "सर्वांनी मिळूनमिसळून राहणे" असे उत्तर मिळते. हे उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. मिळूनमिसळून तर एका चाळीतले लोकही राहतात. पौलाने वापरलेल्या शब्दाचा अर्थ याहून पुष्कळ जड आहे आणि तो माणसाच्या खिशापर्यंत पोहोचतो. या पाठात त्या एका शब्दाचाच अभ्यास करू.

नवा करार ज्या ग्रीक भाषेत लिहिला गेला तीत हा शब्द 'कोइनोनिया' असा आहे. 'कोइनोस' म्हणजे सामाईक. त्यापासून 'कोइनोनोस' म्हणजे वाटेकरी किंवा भागीदार. आणि वाटेकऱ्यांचे एकमेकांशी जे नाते असते ते कोइनोनिया. हा शब्द नव्या करारात १९ वेळा आला आहे. त्यांपैकी १३ वेळा तो पौलाच्या पत्रांत आहे, ४ वेळा योहानाच्या पहिल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात, एकदा प्रेषितांच्या कृत्यांत आणि एकदा इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात. चार शुभवर्तमानांत तो एकदाही नाही. मंडळी जन्माला आली तेव्हाच या शब्दाची गरज पडली असे दिसते.

मराठी वाचकाची अडचण अशी की, हे सगळे एकाच शब्दाचे खेळ आहेत हे त्याला दिसत नाही. आपल्या भाषांतरांत कुठे सहभागिता, कुठे सहवास किंवा संगती, कुठे सहभागी होणे, तर रोमकरांस पत्राच्या १५ व्या अध्यायात चक्क वर्गणी असे शब्द आले आहेत. भाषांतरकारांना दोष देण्याचे कारण नाही. एका मराठी शब्दात हे सर्व मावत नाही. पण त्यामुळे आपल्या मनात दोन कप्पे झाले. सहभागिता म्हटली की प्रार्थना, गाणी, भजन आणि उपासनेनंतरचा चहा. वर्गणी म्हटली की खजिनदार, पावतीपुस्तक आणि थकबाकी. पौलाच्या मनात हे दोन कप्पे नव्हते.

दोन मचवे, एक जाळे

कोइनोनोस हा शब्द त्या काळी बाजारातला होता. धंद्यातल्या भागीदाराला तो लावीत. विवाहाच्या करारातही नवराबायकोच्या एकत्र संसाराला कोइनोनिया म्हणत. शुभवर्तमानांत लूकाने तो नेमका याच व्यवहारी अर्थाने वापरला आहे (लूक ५:१०). याकोब व योहान हे शिमोन पेत्राचे कोइनोनोइ होते, म्हणजे मासेमारीच्या धंद्यातले भागीदार. आता प्रसंग पाहा. रात्रभर काही लागले नव्हते. प्रभूच्या शब्दावरून जाळे टाकले आणि ते फाटू लागले. शिमोनाने दुसऱ्या मचव्यातल्यांना खुणावले, ते आले, आणि दोन्ही मचवे बुडू लागतील इतके भरले.

शेजारी आणि भागीदार यांत येथे फरक दिसतो. शेजाऱ्याला बोलावले असते तर तो मदत करून, आभार ऐकून घरी गेला असता. भागीदार आला तो आपलेच मासे वाचवायला आला. जाळे फाटले तर त्याचेही नुकसान, मचवा भरला तर त्याचाही लाभ. दोघांमध्ये एक तिसरी गोष्ट आहे आणि तिच्यात दोघांचा वाटा आहे. कोइनोनियाचा गाभा हाच. दोन माणसे एकमेकांना आवडतात म्हणून ती कोइनोनियात असतात असे नाही. ती एकाच गोष्टीत वाटेकरी आहेत म्हणून असतात, मग एकमेकांना आवडोत वा न आवडोत. आपल्याकडे एकेक बैल असलेले दोन शेतकरी सावड करून एकच नांगर चालवीत असत. त्यांची मैत्री असेच असे नाही. पण एकाचा बैल लंगडला तर दुसऱ्याचे शेतही पडून राही.

मंडळीत ती तिसरी गोष्ट म्हणजे स्वतः ख्रिस्त. देवाने आपल्याला त्याच्या पुत्राच्या कोइनोनियात बोलावले आहे असे पौल १ करिंथ १:९ मध्ये सांगतो. योहानाचा युक्तिवाद तर पाहण्याजोगा आहे. १ योहान १:७ मध्ये, आपण प्रकाशात चाललो तर, असे वाक्य सुरू झाले की पुढे "देवाशी आपली सहभागिता आहे" असे येईल अशी आपली अपेक्षा असते. योहान लिहितो, एकमेकांशी. देवाशी सहभागिता आहे की नाही हे तो शेजारच्या बाकावर बसलेल्या माणसाकडे बोट दाखवून तपासतो.

भागीदाराचे कर्ज

या शब्दाचा सर्वांत धीट उपयोग फिलेमोनाला लिहिलेल्या छोट्याशा पत्रात आहे. अनेसिम हा फिलेमोनाचा दास धन्याला सोडून निघून आला होता आणि त्याच्याकडे काही येणेही असावे. पौल तुरुंगातून लिहितो : तू मला कोइनोनोस मानत असशील, तर जसे माझे स्वागत करशील तसे याचे कर, आणि त्याच्याकडे तुझे काही निघत असेल ते माझ्या खाती मांड (१७ व १८ वी वचने). ही हिशेबाच्या वहीतली भाषा आहे. पौल आणि फिलेमोन भागीदार, पौल आणि अनेसिम भागीदार. तर मग अनेसिमाचे देणे पौलाच्या नावावर पडते आणि फिलेमोन व त्याचा दास एकमेकांचे भागीदार होतात. मित्रांचे सर्व काही सामाईक असते, अशी ग्रीक लोकांत एक म्हणच होती. पण ती बरोबरीच्या मित्रांसाठी होती. धनी आणि दास यांनाही त्या शब्दात गोवणे हे सुवार्तेचे काम.

मग प्रभूच्या मेजाकडे या. प्याला व भाकर म्हणजे ख्रिस्ताच्या रक्तातील व शरीरातील कोइनोनिया होय, असे पौल १ करिंथ १०:१६ मध्ये सांगतो. लगेच पुढे म्हणतो की भाकर एक म्हणून आपण पुष्कळ असूनही एक शरीर आहोत. पण पुढच्याच अध्यायात याच करिंथकरांची काय अवस्था दिसते? सधन लोक आपापले जेवण आधीच उरकून घेतात, कोणी उपाशी राहतो तर कोणी नशेत असतो. पहिली पंगत भरपेट आणि शेवटच्या पंगतीला रिकामी भांडी, असा तो प्रकार. हे प्रभुभोजनच नव्हे, असे पौल स्पष्ट बजावतो. भाकर होती, प्याला होता, शब्दही उच्चारले जात असतील. पण वाटेकरीपणा नव्हता.

येथे मूळ शब्दाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. 'कोइनोस' म्हणजे सामाईक. पण यहूदी लोकांच्या बोलण्यात त्याच शब्दाला विटाळलेले, ओवळे असा अर्थ आला होता. जे सर्वांचे, ते देवाचे पवित्र नव्हे, अशी ती विचारसरणी. मार्क ७:२ मध्ये न धुतलेल्या हातांना हाच शब्द लावला आहे. प्रे. कृत्ये १० मध्ये आकाशातून उतरलेल्या चादरीतले खाण्यास पेत्र नकार देतो तेव्हा त्याच्या तोंडी हाच शब्द आहे. (शब्दाच्या मुळावरून अर्थाचे इमले बांधू नयेत हे खरे; अर्थ वापरावरून ठरतो. पण हे दोन्ही वापर एकाच लूकाच्या ग्रंथात आहेत, तेव्हा ते शेजारी ठेवून पाहायला हरकत नाही.) पेत्र दुसऱ्या अध्यायात कोइनोनियात होता, तरी कोइनोसला हात लावायला दहाव्या अध्यायापर्यंत तयार नव्हता. कर्नेल्याच्या उंबरठ्यावर जाऊन त्याला बोलावे लागले की, कोणाही माणसाला ओवळे म्हणू नये असे देवाने मला दाखवले.

सोवळेओवळे जाणणाऱ्या आपल्या देशाला हे समजावून सांगावे लागत नाही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंचा त्यानंतर पाच वर्षांनी, १९०० साली झाला. मधल्या काळात त्यांच्या मनातून जातिभेद कसा गळत गेला, कोणाच्याही हातचे खाण्यास मन कसे तयार झाले, हे 'स्मृतिचित्रे'त वाचावे. पाण्याच्या बाप्तिस्म्याआधी त्यांच्या स्वयंपाकघराचा बाप्तिस्मा झाला असे मला वाटते. सगळीकडे असे घडले नाही हेही सांगितले पाहिजे. दक्षिणेत तंजावरकडील मंडळ्यांत प्रभुभोजनाच्या वेळीसुद्धा जातीचा क्रम पाळला जाई. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ साली ते बंद करण्याचा आदेश काढला, तेव्हा पुष्कळांनी जातीपेक्षा मंडळी सोडणे पसंत केले.

यरुशलेमची वर्गणी

आता वर्गणीकडे वळू. क्लौद्य कैसराच्या कारकिर्दीत दुष्काळ पडला, तेव्हा अंत्युखियाच्या शिष्यांनी यहूदीयातील बंधूंना मदत पाठवली होती (प्रे. कृत्ये ११:२७-३०). यरुशलेमची मंडळी पुढेही गरीबच राहिली. याकोब, केफा व योहान यांनी पौल व बर्णबाला सहभागितेचा उजवा हात दिला (गलती २:९) आणि लगेच पुढच्या वचनात एकच अट घातली : गरिबांची आठवण ठेवा. हातात हात देणे आणि गरिबांची आठवण ही दोन लागोपाठची वचने आहेत. आपण बहुधा पहिल्यावरच थांबतो.

पौलाने ही आठवण अनेक वर्षे ठेवली. गलतिया, मासेदोनिया, अखया या प्रांतांतील मंडळ्यांकडून त्याने यरुशलेमच्या गरिबांसाठी पैसा गोळा केला. १ करिंथ १६ मध्ये त्याने पैसे गोळा करण्याचा साधा, रोजच्या व्यवहारातला ग्रीक शब्द वापरला आहे. म्हणजे तो शब्द त्याच्याजवळ होता. पण दुसऱ्या पत्राच्या ८ व ९ अध्यायांत, जेथे तो याच वर्गणीविषयी सविस्तर लिहितो, तेथे हा व्यवहारी शब्द बाजूला राहतो. मासेदोनियाच्या मंडळ्या स्वतः अत्यंत दरिद्री असून या कोइनोनियात आम्हाला घ्या अशी गळ घालीत होत्या, असे तो म्हणतो (८:४). या वर्गणीलाच तो कृपा म्हणतो. आणि देण्याचे कारण सांगताना आपल्या प्रभू येशू ख्रिस्ताची कृपा आठवा, असे म्हणतो : धनवान असून तो आपल्यासाठी दरिद्री झाला (८:९). करिंथकरांनी आपली वर्गणी पूर्ण करावी म्हणजे त्यांच्या प्रीतीचे प्रमाण मिळेल, असेही सांगतो (८:८ व २४).

कृपा, प्रीती, कोइनोनिया. याच पत्राच्या शेवटच्या वचनात हे तीन शब्द आशीर्वचन होऊन येतात. करिंथच्या मंडळीत हे पत्र एका बैठकीत वाचले गेले असेल, तर तो आशीर्वाद ऐकताना लोकांच्या कानांत थोड्याच वेळापूर्वी ऐकलेला वर्गणीचा मजकूर घुमत असला पाहिजे. म्हणून मला वाटते की दानाची थैली फिरते तेव्हा उपासना थांबलेली नसते आणि आशीर्वचन होते तेव्हा हिशेब मागे पडलेला नसतो.

हिशेबाचा विषय निघालाच आहे तर ८:२०-२१ ही वचने प्रत्येक पंचमंडळाने एकदा मोठ्याने वाचावीत. एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कोणी ठपका ठेवू नये म्हणून पौल तीतासोबत मंडळ्यांनी निवडलेला बंधू पाठवतो, आणि प्रभूसमोर तसेच माणसांसमोरही जे चांगले ते करण्याची काळजी घेतो. हिशेब मागणे म्हणजे अविश्वास, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. भागीदारीत हिशेब मागणे हा भागीदाराचा हक्क आहे.

रोम १५ हे या सगळ्याचे टोक आहे. इ. स. ५७ च्या सुमारास पौल यरुशलेमला निघण्याच्या तयारीत आहे. विदेशी मंडळ्या यहूदी पवित्र जनांच्या आध्यात्मिक संपत्तीत वाटेकरी झाल्या, म्हणून दैहिक गोष्टींत त्यांची सेवा करणे हे त्यांचे देणेच आहे, असे तो लिहितो (१५:२७). हे उपकाराचे पैसे नव्हेत. पण ३१ व्या वचनात तो रोमकरांना प्रार्थनेची विनंती करतो ती दोन गोष्टींसाठी : अविश्वासी यहूद्यांपासून आपला बचाव व्हावा, आणि आपली ही सेवा पवित्र जनांना मान्य व्हावी. पैसे घेऊन येणाऱ्याला, ते घेतले जातील की नाही, याची धास्ती! कारण ते पैसे बेसुंती हातांचे होते. ते घेणे म्हणजे त्या हातांना भागीदार मानणे. देणाऱ्याला जेवढा मोठेपणा सोडावा लागतो तेवढाच घेणाऱ्यालाही सोडावा लागतो.

आपल्या मंडळ्यांनी याचा विचार करण्याचे खास कारण आहे. मुंबईला अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली आले, बेळगावला लंडन मिशन १८२० साली, इंदूरला कॅनडाचे प्रेस्बिटेरियन १८७७ साली. त्यांनी दिलेल्या शाळा, दवाखाने, छपाई यांचे ऋण कोणी नाकारणार नाही. परंतु देणारा कायम देणारा आणि घेणारा कायम घेणारा, अशी सवय त्या काळात दोन्ही बाजूंना लागली आणि ती आजही पुरती गेलेली नाही. मासेदोनियाच्या दरिद्री लोकांचा आग्रह आपल्याला अजून परका वाटतो. आम्ही लहान मंडळी, आम्ही काय देणार, असे आपण म्हणतो तेव्हा ती नम्रता असतेच असे नाही. भागीदारीतून पाय काढून घेण्याचा तो एक मार्गही असतो.

भाषेची भिंत

प्रे. कृत्ये २ मध्ये सर्व काही सामाईक ठेवणारी मंडळी सहाव्या अध्यायात कशावरून फुटायला आली? जमिनी विकण्यावरून नव्हे. रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरकुर झाली. श्रद्धा एक, प्रभू एक, स्वयंपाकघरही एक, भाषा वेगळी. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प केले नाही. सात जण निवडण्यास सांगितले आणि त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हाती वाटणी गेली असे दिसते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी मंडळ्यांना हा उतारा दूरचा नाही. सीमाभागात मराठी व कानडी, हैदराबादेत मराठी व तेलुगू, इंदूर-ग्वाल्हेरला मराठी व हिंदी अशी शेजारपणे असतात. एकाच मंदिरात दोन भाषांच्या उपासना होतात तेथे वेळ कोणाला कोणती, नाताळात मंदिर कोणी सजवायचे, विजेचे बिल किती कोणी भरायचे, यावरून मने आंबतात. एकमेकांच्या सणाला आपण शुभेच्छा पाठवतो. एकमेकांच्या विधवांची यादी आपल्याजवळ असते का?

एक वचन येथे सांगून टाकतो, कारण पाळकांना ते स्वतः सांगायला संकोच वाटतो आणि माझ्यासारख्या पगार न घेणाऱ्या उपदेशकाला तो वाटण्याचे कारण नाही. गलती ६:६ मध्ये, ज्याला वचनाचे शिक्षण मिळते त्याने शिक्षकाला सर्व चांगल्या गोष्टींत वाटेकरी करावे, असे म्हटले आहे; क्रियापद कोइनोनियाचेच आहे. पाळकाचा पगार तीन तीन महिने थकवणाऱ्या मंडळीने सहभागितेच्या सभा भरवाव्यात हे शोभत नाही.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी

लहान मुलांच्या वर्गात ग्रीक शब्द सांगत बसू नये. फळ्यावर दोन मचवे व मध्ये एक जाळे काढावे, मासे काढावेत आणि विचारावे : यांतले शिमोनाचे मासे कोणते? मुले आधी एका मचव्याकडे बोट दाखवतात, मग घोटाळतात. तो घोटाळा लगेच सोडवू नये. त्यातच पाठ आहे. मधल्या वर्गाला अनेसिमाची गोष्ट सांगून एका मुलाला फिलेमोन करावे आणि पत्र वाचून झाल्यावर तो काय उत्तर लिहील ते लिहायला लावावे.

तरुणांच्या व मोठ्यांच्या वर्गात आपल्या मंडळीचा वार्षिक हिशेब घेऊन बसावे आणि प्रत्येक खर्चापुढे, यात आपले भागीदार कोण, एवढेच विचारावे. किती रकमा आपल्या स्वतःच्याच भिंती, पंखे आणि खुर्च्या यांवर गेल्या ते आपोआप दिसेल. त्यानंतर प्रे. कृत्ये २१:१७-२६ वाचावे. पौल यरुशलेमला पोहोचतो. बंधू आनंदाने त्याचे स्वागत करतात. याकोबाकडे सर्व वडील जमतात. पौलाविषयी उठलेल्या अफवांवर बोलणे होते, आणि नवस केलेल्या चौघांचा खर्च त्याने सोसावा असे सुचवले जाते. बहुतेक सोपत्र, अरिस्तार्ख, त्रफिम हे मंडळ्यांचे प्रतिनिधी ती थैली घेऊन त्याच्याबरोबर आले होते. पुढे २४:१७ मध्ये, आपण आपल्या लोकांसाठी दानधर्म घेऊन आलो होतो, एवढे पौल सुभेदारासमोर सांगतो. परंतु त्या पैशाचे यरुशलेमात काय झाले हे लूकाने कोठेच लिहिलेले नाही. वडिलांनी ते घेतले असतील का, आणि घेतले असतील तर भीक म्हणून, भेट म्हणून की भागीदाराचा वाटा म्हणून, हे वर्गाला विचारावे आणि उत्तरांसाठी पुरेसा वेळ द्यावा.